अपंगसेवा : 'समाज' म्हणजे नेमके कोण?

२०२१ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र शासनास एक विलक्षण आदेश द्यावा लागला. मनोरुग्णालयांतून बऱ्या झालेल्या व्यक्तींना भिक्षेकरी गृहांत, वृद्धाश्रमांत अथवा तत्सम कोंडवाड्यांत हलविण्याचा जो प्रकार चालू आहे तो तत्काळ बंद करा, असा तो आदेश होता. त्याची पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे त्यातील विपरीतपणा अधिकच जाणवतो. ज्यांचा आजार आटोक्यात आला आहे, परंतु ज्यांना न्यायला कोणी येत नाही म्हणून जी माणसे वर्षानुवर्षे रुग्णालयातच खितपत पडली आहेत, त्यांचे समाजात पुनर्वसन करा, असे याच न्यायालयाने गौरवकुमार बन्सल यांच्या याचिकेवर २०१७ मध्ये राज्यांना बजावले होते. महाराष्ट्राच्या नोकरशाहीने त्यातून 'रुग्णालयाबाहेर' एवढाच अर्थ उचलला. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागणे हा गुन्हा ठरविला आणि त्या गुन्ह्याची शिक्षा भोगण्यासाठी भिक्षेकरी गृहे उभी राहिली. आयुष्यात कधी कोणापुढे हात न पसरलेली माणसे केवळ बरी झाली या अपराधासाठी तिथे पोहोचली.

एखाद्या कार्यालयाचा निर्ढावलेपणा म्हणून हे प्रकरण सोडून देता येण्यासारखे नाही. 'समाजाधारित सेवा' हा शब्दप्रयोग आज प्रत्येक शासकीय योजनेत, प्रत्येक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अहवालात आणि प्रत्येक परिसंवादात ऐकू येतो. संस्थांच्या भिंती पाडा, अपंगांना समाजात आणा, ही मागणी मूळची स्वातंत्र्याची आणि समतेची. परंतु तीच भाषा जेव्हा अर्थखातेही उत्साहाने बोलू लागते, तेव्हा समाजवादी कार्यकर्त्याने जरा थांबून विचार केला पाहिजे. या 'समाजा'त शासन येते की नाही? त्याचा खर्च कोण करणार? आणि प्रत्यक्ष राबणार कोण?

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आज वाण अशी नाही. अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये संमत झाला आणि भारताने २००७ मध्ये त्यास मान्यता दिली. त्याचे एकोणिसावे कलम स्वतंत्रपणे जगण्याचा आणि समाजात सामावून घेतले जाण्याचा हक्क सांगते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने तोच हक्क देशाच्या कायद्यात आणला. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तर आणखी स्पष्ट बोलतो. घरच्यांनी टाकले, घरच नाही किंवा बाहेर सेवा उपलब्ध नाहीत, एवढ्याच कारणासाठी कोणालाही संस्थेत डांबून ठेवता येणार नाही, असे त्याचेही एकोणिसावेच कलम बजावते. हे कायदे कोणी कृपावंत होऊन दिलेले नाहीत. १९९५ चा पहिला कायदा अपंगांच्या संघटनांनी दिल्लीत रस्त्यावर उतरून मिळविला, आणि २००१ च्या जनगणनेत अपंगांची मोजदाद व्हावी यासाठीही त्यांना झगडावे लागले. ज्या देशात मोजून घेण्यासाठी लढावे लागते, तिथे कायदा संमत झाल्याने काम संपले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती आहेत, त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. देशातील अपंगांपैकी ६९ टक्के खेड्यांत राहतात. संस्था मात्र शहरांत. विशेष शाळा, कृत्रिम अवयवांची केंद्रे, मनोरुग्णालये ही सारी जिल्ह्याच्या गावी किंवा त्याहूनही दूर. तेव्हा युरोप-अमेरिकेत 'संस्थेतून समाजाकडे' अशी जी वाटचाल सांगितली जाते, ती येथील बहुसंख्य अपंगांच्या वाट्याला कधी आलीच नाही. कारण त्यांना संस्थाच कधी दिसली नाही. त्यांची कोंडी घराच्या मागच्या खोलीत झाली, गोठ्याशेजारच्या पडवीत झाली, आणि काहींची दर्ग्या-देवळांच्या आवारात साखळदंडांनी झाली. तमिळनाडूत एरवाडी येथे २००१ च्या ऑगस्टमध्ये लागलेल्या आगीत जे २८ मनोरुग्ण जळून मेले, ते साखळ्यांमुळे पळू शकले नाहीत. त्यांना तिथे आणून सोडणारे त्यांचेच नातलग होते. ते सारेच निर्दय होते असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्या तालुक्यात दुसरे काही उपलब्धच नव्हते.

म्हणून 'समाज' या शब्दाची फोड करून पाहावी लागते. तीन-चार माणसांच्या मजूर कुटुंबात एक मूल मतिमंद आहे किंवा थ्रेशरमध्ये कर्त्या पुरुषाचा हात गेला आहे किंवा म्हातारा अर्धांगाने अंथरुणाला खिळला आहे. तिथे समाज म्हणजे कोण? पंचायत नव्हे, भावकी नव्हे. तिथे समाज म्हणजे एक बाई. ती आई असेल, बायको असेल, सून असेल. किंवा शाळा सोडून घरी बसविलेली थोरली बहीण असेल. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८ च्या फेरीत ६२ टक्क्यांहून अधिक अपंग व्यक्तींना काळजी घेणारे माणूस आहे असे आढळले. त्या माणसाला कोणी वेतन देत नाही हे वेगळे सांगायला नको. शासनाकडून काही साहाय्य मिळालेल्यांचे प्रमाण याच पाहणीत २२ टक्क्यांच्याही आत भरले. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीने दाखविले की घरकाम करणारी स्त्री दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकामात घालविते, तर घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटे. सेवाशुश्रूषेचा वेळ याखेरीज. मजुरीच्या दिवसांतून शुश्रूषेचे दिवस वजा करून ज्या घराने हिशेब मांडला असेल, त्याला अपंगत्व आणि दारिद्र्य यांचा संबंध पुस्तकातून शिकावा लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ च्या अल्मा आटा परिषदेनंतर समाजाधारित पुनर्वसनाची कल्पना पुढे आणली, तेव्हा तिच्यामागे एक प्रामाणिक हिशेब होता. तज्ज्ञ आणि संस्था यांच्याच भरवशावर राहिले तर गरीब देशांतील बहुसंख्य अपंगांपर्यंत मदत कधी पोहोचणारच नाही. तेव्हा गावातील एका कार्यकर्त्यास आणि कुटुंबीयांस साध्या युक्त्या शिकवाव्यात, बांबूच्या आधाराने मुलाला उभे कसे करावे, अंधाने अंगणातून विहिरीपर्यंत कसे जावे, असा तो विचार होता. विचार चांगलाच होता. परंतु त्या सुमारास कर्जबाजारी देशांवर सार्वजनिक खर्च छाटण्याची सक्ती होऊ लागली होती, आणि छाटणी करणाऱ्यांना या विचारातील एकच गुण दिसला. तो स्वस्त होता.

महाराष्ट्रातील वाचकाने या बाबतीत जिनिव्हाकडे पाहण्यापूर्वी वर्ध्याकडे पाहिलेले बरे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने कुष्ठरोगाच्या बाबतीत जे केले ते आज विस्मरणात गेले आहे. डॅप्सोन हे औषध हाती आले होते. तोवर कुष्ठरोग्याची सेवा म्हणजे गावाबाहेरची वसाहत असेच समीकरण होते. दत्तपूर, तपोवन आणि पुढे आनंदवन येथे गावाने हाकललेल्या माणसांना सन्मानाने जगता आले, श्रम करता आले, हे त्या संस्थांचे ऋण कोणी नाकारणार नाही. परंतु डॉ. वार्डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच निराळा विचारला. औषध गोळीच्या रूपात घरी घेता येत असेल तर माणसाने गाव सोडायचेच कशाला? त्यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तिपेडी पद्धत बसविली. प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन तपासणी करू लागले, गावकऱ्यांची भीती घालवू लागले, औषध गावातच देऊ लागले. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. पुढे बहुविध औषधोपचार आला तेव्हा तो याच वाटेने खेड्यापाड्यांत पोहोचू शकला.

या कामाचे मर्म कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. घरोघर जाणारे ते कार्यकर्ते प्रशिक्षित होते आणि पगारी होते. औषध शासकीय खर्चाचे होते. कुष्ठरोग्याच्या बायकोवर 'आता तूच बघ' म्हणून ओझे टाकलेले नव्हते. समाजाधारित सेवेचा हा नमुना महाराष्ट्राच्या मातीत घडलेला आहे, आणि त्यात शासन बाजूला सरलेले नव्हते. ते उंबरठ्यापर्यंत आले होते.

शासन बाजूला सरले म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेने घालून दिले आहे. १९५५ च्या सुमारास तेथील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसे होती. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी वस्तीवस्तीत मानसिक आरोग्य केंद्रे उभारण्याचा कायदा केला. योजना दीड हजार केंद्रांची होती. जेमतेम निम्मी उभी राहिली. रुग्णालये मात्र रिकामी होत गेली, कारण त्यात राज्यांचा पैसा वाचत होता. १९८१ मध्ये रेगन सरकारने उरल्यासुरल्या केंद्रीय निधीलाही कात्री लावली आणि जबाबदारी राज्यांवर ढकलली. पुष्कळशी माणसे महानगरांच्या फुटपाथवर आली, पुष्कळशी तुरुंगात गेली. रुग्णालये बंद करणे हे या दुर्दशेचे कारण नव्हते. बंद रुग्णालयाचा पैसा रुग्णाच्या मागोमाग गेला नाही, हे कारण होते.

त्याच काळात इटलीतील ट्रिएस्टे या बंदराच्या शहरात जे घडले, ते याच्या अगदी उलट होते. फ्रांको बाझालिया हा मनोविकारतज्ज्ञ १९७१ मध्ये तेथील सान जोव्हान्नी रुग्णालयाचा संचालक झाला तेव्हा आत सुमारे १२०० माणसे होती. ती रुग्णालयात झाडलोट करीत, कपडे धूत, स्वयंपाकाला हात लावीत. या कामाला 'श्रमोपचार' असे भारदस्त नाव होते आणि मोबदला म्हणून सिगारेटी किंवा किरकोळ बक्षिसी मिळे. बाझालियाच्या काळात या रुग्णांची सहकारी संस्था उभी राहिली. झाडलोटीचे कंत्राट या संस्थेला मिळाले आणि तिच्या सभासदांना कामगार संघटनांनी ठरविलेल्या दराने मजुरी मिळू लागली. काल ज्याला रोगी म्हणून राबविले जात होते तो आज कामगार झाला. बाकीच्या सुधारणांची वर्णने खूप झाली आहेत. १९७३ मध्ये रुग्णांनी निळ्या रंगाचा भला मोठा घोडा बनवून तो रुग्णालयाच्या फाटकाबाहेर शहरातून मिरविला, ती कथा तर जगभर सांगितली जाते. परंतु समाजवाद्यांच्या दृष्टीने मजुरीच्या दराची ती कोरडी नोंद घोड्याहून मोलाची आहे.

ट्रिएस्टेत रुग्णालय रिकामे होत गेले तसतशी शहरात चोवीस तास उघडी असणारी केंद्रे उभी राहिली. प्रत्येकात मोजक्या खाटा, परिचारिका, डॉक्टर, आणि कोणीही कधीही आत यावे अशी रीत. जे नोकर भिंतीच्या आत काम करीत होते तेच आता वस्तीत काम करू लागले. त्यांच्या नोकऱ्या गेल्या नाहीत. १९७८ च्या मे महिन्यात इटलीच्या संसदेने १८० क्रमांकाचा कायदा करून नवी मनोरुग्णालये उभारण्यास बंदी घातली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हा कायदा राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या व्यापक कायद्यात सामावला गेला. सर्वत्र ट्रिएस्टे झाले असे मात्र नाही. अनेक प्रांतांनी केंद्रे उभारण्यात वर्षानुवर्षे चालढकल केली, शेवटची जुनी रुग्णालये बंद व्हायला नव्वदचे दशक सरत आले, आणि मधल्या काळात हवालदिल झालेली कुटुंबे कायद्याविरुद्धच बोलू लागली. त्यांचा राग अनाठायी नव्हता. कायदा एकच होता. जिथे पैसा आणि माणसे गेली तिथे तो मुक्तिदायी ठरला, जिथे गेली नाहीत तिथे तो बायकांच्या डोक्यावर पडला.

हे दूरदेशीचे दाखले येथे कामाचे नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. तिथे ग्रामपंचायती आणि नगरपालिका कुटुंबश्रीच्या साहाय्याने बौद्धिक अपंग मुलांसाठी 'बड्स' नावाच्या शाळा आणि पुनर्वसन केंद्रे चालवितात. २००४ मध्ये वेंगानूर पंचायतीत पहिली शाळा निघाली; आज अशी तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. मूल सकाळी जाते, संध्याकाळी घरी येते, आणि मधल्या वेळात आईला कामावर जाता येते. अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्या घरच्या माणसास तेथील शासन 'आश्वासकिरणम्' योजनेतून महिना ६०० रुपये देऊ करते. रक्कम तुटपुंजी आहे, हे निर्विवाद. परंतु शुश्रूषा हे काम आहे आणि त्याचा मोबदला सार्वजनिक तिजोरीतून दिला पाहिजे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. तमिळनाडूत 'द बन्यन' या संस्थेने मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिलेल्या स्त्रियांना साध्या वस्तीत, भाड्याच्या घरात, चार-पाच जणींनी मिळून राहण्याची व्यवस्था केली आहे. सोबतीला गावातलीच एक पगारी कार्यकर्ती असते. जिला न्यायला कोणी येणार नाही तिलाही घर असू शकते, याचे हे प्रात्यक्षिक आहे.

केंद्र सरकारचे वर्तन मात्र पाहण्यासारखे आहे. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी अपंगांना 'दिव्यांग' म्हणावे असे सुचविले. अनेक संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला, तरी सरकारी पाट्या भराभर बदलल्या. इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा मात्र २०१२ मध्ये महिना ३०० रुपये ठरला, तो ठरलाच. तोही दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यालाच. २०१६ च्या कायद्याचे चोविसावे कलम सांगते की अपंगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तत्सम योजनांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असले पाहिजे. विधवा निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा ३०० रुपये आणि अपंगांचाही ३०० रुपये. कायदा करणारे सरकारच कायद्याचे गणित चुकवीत असेल तर तहसील कार्यालयातील कारकुनाला दोष देऊन काय उपयोग? महाराष्ट्रातही संजय गांधी निराधार योजनेत अपंगांना इतर लाभार्थ्यांइतकेच १५०० रुपये मिळत होते. २०२५ मध्ये, अपंगांच्या आंदोलनानंतर, ते २५०० करण्याचा निर्णय झाला. २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापून देशात पहिले ठरल्याचा अभिमान मिरविणाऱ्या राज्याला कायद्याच्या एका कलमाशी जुळवून घ्यायला नऊ वर्षे लागली.

याहून दुर्लक्षित प्रश्न आहे तो सेवा देणाऱ्या हातांचा. २०२१ मध्ये भारतीय पुनर्वसन परिषदेने समाजाधारित कामासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला आणि तो पूर्ण करणाऱ्यांना 'दिव्यांग मित्र' असे नाव दिले. प्रशिक्षण हवेच होते. पण नावे लक्षात घ्या : मित्र, सेविका, स्वयंसेविका, मदतनीस. या खात्यांना सारे शब्द सुचतात, एक 'कामगार' तेवढा सुचत नाही. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन तपासणीचे अर्ज भरते, क्षयापासून मनोविकारापर्यंत सगळ्यांची नोंद ठेवते, आणि नव्या योजनेत अपंगांची नोंद, त्यांची प्रमाणपत्रे, त्यांच्या घरी भेटी हेही तिच्याच वहीत येऊन पडते. तिला मात्र वेतन नाही, मोबदला आहे. महाराष्ट्रातील आशा आणि गटप्रवर्तक २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी संपावर गेल्या त्या याच अन्यायापायी. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने २०१५-१६ मध्ये निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून वंचित असल्याचे दाखविले. ती दरी या बायकांच्या फुकट पायपिटीने भरून निघेल अशी कोणाची कल्पना असेल तर ती शोषणाचीच कल्पना होय. अपंगांची चळवळ आणि आशांची चळवळ यांनी एकमेकांच्या मागण्या आपल्या मागणीपत्रात घेण्याची वेळ आली आहे. सेवा घेणारा आणि सेवा देणारी यांना एकमेकांसमोर उभे करणे सत्ताधाऱ्यांना नेहमीच सोयीचे असते.

तूर्त हाताशी असलेले एक हत्यार पुरेसे वापरले जात नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची असते. ठिकठिकाणी ती मार्चअखेरीस आठवते. मग थोडी थोडी रोकड वाटली जाते किंवा समारंभपूर्वक तीनचाकी सायकली दिल्या जातात, छायाचित्रे निघतात, आणि सायकल घरापर्यंत जाणाऱ्या पायवाटेवर चालत नाही म्हणून ओसरीत गंजत पडते. दोन-चार लहान ग्रामपंचायतींनी आपला निधी एकत्र केला आणि जिल्हा परिषदेने त्यात भर घातली, तर एका पगारी पुनर्वसन कार्यकर्त्याचा किंवा मुलांच्या दिवसा चालणाऱ्या केंद्राचा खर्च त्यातून उभा राहण्याचा संभव आहे. कोणते काम करावयाचे, हे गावातील अपंग आणि त्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया यांनी ठरवावे. सरपंचाने किंवा पुरवठादाराने नव्हे. यासाठी निराळा मोर्चा काढण्याची गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरते. तिथे मागील तीन वर्षांच्या ५ टक्के निधीचा हिशेब वाचून दाखवावा, अशी लेखी मागणी पक्षाच्या शाखांनी आधी आठ दिवस ग्रामसेवकाकडे द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि सभेची जागा जिना चढून जाण्याची असेल तर सभा खाली पारावर घ्यायला लावावी.